एका माणसाचे दैनिक

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विशाल द्वैभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले. गुजरात, सौराष्ट्र, कच्छ, मराठवाडा, विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्र एवढा मुलूख एका राज्यात आला, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री झाले आणि दिल्लीच्या लेखी मुंबईचा प्रश्न मिटला. पंधरा दिवसांनी, १५ नोव्हेंबरला, मुंबईत एक नवे मराठी दैनिक निघाले. नाव ‘मराठा’. संपादक आणि मालक, प्रल्हाद केशव अत्रे.

अत्रे तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते. हेडमास्तर, विडंबनकार, पाठ्यपुस्तककार, नाटककार, पटकथाकार, चित्रपट निर्माता, नगरसेवक, साप्ताहिकाचे संपादक, साहित्य संमेलनाचे अध्यक्ष आणि सभा मारणारा वक्ता एवढ्या भूमिका त्यांच्या करून झाल्या होत्या. या वयात माणूस हिशेब आवरता घेतो. अत्र्यांनी आयुष्यातला सर्वांत मोठा डाव या वयात मांडला, आणि तोही सरकार, काँग्रेस आणि मुंबईचे धनिक हे तिघेही विरोधात असताना. आपल्याकडे अत्र्यांच्या गप्पा निघतात तेव्हा किस्से सांगितले जातात, कोट्या सांगितल्या जातात. त्या किश्श्यांखाली एका वृत्तपत्राची खरी हकिकत दडपली गेली आहे. ती सांगायला हवी.

दैनिक कशासाठी लागले, ते आधी पाहू. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल ऑक्टोबर १९५५मध्ये आला आणि त्याने मुंबईसह महाराष्ट्राची मागणी फेटाळली. २० नोव्हेंबरला गिरगाव चौपाटीवर मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांची सभा झाली. पाच हजार वर्षे मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, अशा थाटाची भाषा त्या व्यासपीठावरून झाली आणि लोकांनी सभा उधळली. दुसऱ्या दिवशी संप झाला, मोर्चा विधानसभेकडे निघाला आणि फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला. १६ जानेवारी १९५६ला पंडित नेहरूंनी मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा केली. मग गिरणगावात, गिरगावात, दादरला अनेक दिवस गोळ्या चालल्या. मोरारजी तेव्हा मुख्यमंत्री होते. १०५ हुतात्मे हा आकडा तेव्हापासून मराठी माणसाच्या तोंडी आहे.

फेब्रुवारीत पुण्याला संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. एस. एम. जोशी, श्रीपाद अमृत डांगे, प्रबोधनकार ठाकरे, नाना पाटील, उद्धवराव पाटील, दत्ता देशमुख अशी एरवी एका मांडवात न बसणारी माणसे एकत्र आली. समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन, सगळेच. समितीजवळ पुढारी होते, कार्यकर्ते होते, शाहीर होते. अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांचा आवाज लाखाच्या सभेत शेवटच्या माणसापर्यंत पोचत होता. पण रात्री सभा संपली की सकाळी तिची बातमी कोण देणार? मुंबईतली मोठी दैनिके बड्या भांडवलाची होती, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना ही चळवळ म्हणजे केवळ दंगा वाटत होता. अत्र्यांचे ‘नवयुग’ होते, पण ते साप्ताहिक. गोळीबार सोमवारी झाला तर त्याचा जाब विचारायला आठवडाभर थांबावे लागे. चळवळ रोज बदलत होती आणि तिला रोजचा कागद हवा होता. ‘मराठा’चा जन्म या निकडीतून झाला.

पण निकड अनेकांना होती. पेपर काढला अत्र्यांनीच, आणि तो चालवण्याची ताकद त्यांच्यात कुठून आली हे समजण्यासाठी मागे सासवडपर्यंत जावे लागते.

सासवडजवळच्या कोढीत गावी १३ ऑगस्ट १८९८ रोजी अत्रे जन्मले. कऱ्हा नदीच्या काठचा हा मुलूख त्यांनी मनातून कधी सोडला नाही. पुढे आत्मचरित्राला त्यांनी नाव दिले ते ‘कऱ्हेचे पाणी’. पुण्यात शिकले, राम गणेश गडकऱ्यांना गुरू मानले आणि पोटासाठी मास्तरकी पत्करली. कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत ते वर्षानुवर्षे हेडमास्तर होते. मधे लंडनला जाऊन शिक्षणशास्त्राची पदविका घेऊन आले. परत येताना इंग्रजी रुबाब घेऊन आले नाहीत, तर मुलांना मराठी कसे शिकवावे याचा विचार घेऊन आले. त्यातून ‘नवयुग वाचनमाला’ निघाली. तोवरची क्रमिक पुस्तके उपदेशाने जड झालेली होती. अत्र्यांनी धड्यांत बोलीची मराठी आणली, गमती आणल्या, मुलांना ओळखीची वाटतील अशी माणसे आणली. हे काम त्यांच्या चरित्रांत दोन ओळींत उरकले जाते. मला ते फार मोलाचे वाटते. साध्या, छोट्या, ठसठशीत वाक्यांत दहा वर्षांच्या पोराला गोष्ट समजावता येते तो माणूस गिरणी कामगारालाही अग्रलेख समजावू शकतो. ‘मराठा’ची भाषा कॅम्पातल्या त्या वर्गात घडली.

१९२५मध्ये ‘झेंडूची फुले’ आले. ‘केशवकुमार’ या टोपणनावाने लिहिलेल्या या विडंबनकवितांनी रविकिरण मंडळाच्या काळातल्या हळव्या काव्याची अशी काही फिरकी घेतली की, पुण्यातल्या साहित्यिकांना हा मास्तर दखल घेण्याजोगा वाटू लागला. दुसऱ्याच्या लकबी हुबेहूब उचलायच्या आणि त्याच लकबींनी त्याला उघडे पाडायचे, ही हातोटी त्यांनी इथे कमावली. नेत्यांची भाषणे पुढे ‘मराठा’त याच हातोटीने सोलली गेली.

मग रंगभूमी. १९३३ला बालमोहन नाटक मंडळीने ‘साष्टांग नमस्कार’ उभे केले आणि बोलपटापुढे मरायला टेकलेल्या मराठी नाटकाच्या तिकीट खिडकीवर पुन्हा गर्दी दिसू लागली. ‘घराबाहेर’, ‘भ्रमाचा भोपळा’, ‘उद्याचा संसार’, ‘लग्नाची बेडी’ अशी एकापाठोपाठ एक नाटके आली. काही पोट धरून हसवणारी होती, तर काही संसारातल्या बाईची घुसमट मांडणारी. सिनेमात ते मास्टर विनायकांच्या हंस पिक्चर्ससाठी लिहू लागले. ‘ब्रह्मचारी’ १९३८ला आला आणि नायिका मीनाक्षीबाईंच्या पोहण्याच्या पोशाखावरून जो काही गहजब झाला, त्याने चित्रपट आणखी चालला. ‘ब्रँडीची बाटली’ पुढच्या वर्षी. यश मिळाल्यावर नोकरी नको वाटते. अत्र्यांनी स्वतःची संस्था काढली आणि ‘पायाची दासी’ केला. सिनेमात पैसा आला तसा गेलाही, पण त्यांचा हात कधी आखडला नाही. नाटकाचे पैसे सिनेमात, सिनेमाचे वर्तमानपत्रात, आणि वर्तमानपत्राला लागले तर पुन्हा नाटक. एका खिशातले दुसऱ्या खिशात जात राहिले.

राजकारण त्यांच्याकडे उशिरा आले, आणि तेही गावकीच्या दाराने. १९३०च्या दशकात ते पुणे नगरपालिकेत काँग्रेसचे सभासद झाले, स्थायी समितीचे अध्यक्ष झाले. पुण्याच्या मंडईला एका इंग्रज गव्हर्नराचे नाव होते. ते काढून तिला महात्मा फुल्यांचे नाव देण्यात अत्र्यांचा पुढाकार होता. सनातनी पुण्यात १९३०नंतरच्या त्या वर्षांत जोतीरावांचे नाव बाजाराच्या दारावर लावणे ही सोपी गोष्ट नव्हती. हा धागा पुढेही तुटला नाही. त्यांच्या ‘महात्मा फुले’ चित्रपटाचा मुहूर्त जानेवारी १९५४मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते झाला आणि त्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. त्याआधीच साने गुरुजींच्या पुस्तकावरच्या ‘श्यामची आई’ला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले होते. भारतातला पहिला सर्वोत्तम चित्रपट मराठी होता आणि तो कर्जाची फिकीर न करणाऱ्या एका मास्तराने काढला होता.

‘नवयुग’ साप्ताहिक १९४०मध्ये निघाले. वृत्तपत्राचा धंदा अत्रे इथे शिकले, ठेचा खात शिकले. त्यांनी ‘जयहिंद’ नावाचे सायंदैनिकही काढून पाहिले. ते टिकले नाही. ‘नवयुग’ मात्र टिकले, कारण त्यात अत्र्यांच्या मनातले सगळे जसेच्या तसे छापले जाई. ना. सी. फडक्यांशी वाद, हिंदुसभेवर हल्ले, काँग्रेसची स्तुती आणि मग काँग्रेसवर टीका, मोठमोठे मृत्युलेख, विशेषांक. एप्रिल १९४७मध्ये, आंबेडकर हयात असताना, त्यांच्या वाढदिवसानिमित्त ‘नवयुग’ने खास अंक काढला. तोपर्यंत सवर्णांच्या मालकीच्या किती मराठी पत्रांना हे सुचले होते?

संपादकाची नजर म्हणजे काय, हे सांगायला दुसरे एक उदाहरण पुरेसे आहे. सोपानदेव चौधरींनी आपल्या आईच्या ओव्या अत्र्यांना दाखवल्या. लेवा बोलीतल्या, एका निरक्षर शेतकरी बाईच्या. अत्र्यांनी त्या वाचल्या आणि हे छापलेच पाहिजे असा आग्रह धरला. १९५२मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ अत्र्यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली. विडंबनकाराला खोटी कविता लांबून कळते हे खरे, पण खरी कविता दिसली की त्याच माणसाने असे नतमस्तक व्हावे, याचे मला नेहमी अप्रूप वाटत आले आहे.

तर १९५६च्या नोव्हेंबरात अत्र्यांनी ‘मराठा’ काढला, तेव्हा त्यांच्या पाठीशी कुणी शेठ नव्हता. होते ते हे भांडवल. ज्यांच्या मुलांनी त्यांचे धडे वाचले, जे त्यांच्या नाटकांना हसले, ‘श्यामची आई’ बघताना ज्यांनी डोळे पुसले आणि शिवाजी पार्कवर ज्यांनी त्यांची भाषणे ऐकली, ते सगळे लोक. पेपर निघण्याआधीच त्याचा वाचक तयार होता. ‘मराठा’ हे नाव टिळकांच्या इंग्रजी साप्ताहिकाचेही होते. या नावातून वारसाही सांगता आला आणि वैरही.

‘मराठा’ कसा वाचला जाई, हे त्या पिढीच्या माणसांकडून ऐकावे. परळ-लालबागच्या चाळीत सकाळी एक अंक येई. वाचता येणारा एकजण गॅलरीत बसून मोठ्याने वाची आणि बाकीचे दात घासता घासता ऐकत. अग्रलेख मोठ्याने वाचण्यासाठीच लिहिलेला असे. वाक्य लहान, मग आणखी लहान, मग एक लांबलचक, शेवटी प्रश्न. अत्र्यांच्या भाषणातले ‘गेल्या दहा हजार वर्षांत असा माणूस झाला नाही’ हे पालुपद ऐकून सुशिक्षित लोक कुजबुजत. पण मैदानावरच्या माणसाला त्यात खोटेपणा वाटत नसे. त्याला त्यात आपल्या मनातला आवेश ऐकू येई. ‘मराठा’ने ती सभा छापली. मथळे असे की, फलाटावरून धावत्या लोकलमध्ये बसलेल्यालाही वाचता यावेत.

पेपर तीन आठवड्यांचा होता तेव्हा ६ डिसेंबर आला. आंबेडकरांचे दिल्लीत निधन झाले, त्यांचे शव विमानाने मुंबईला आणले गेले आणि ७ तारखेला दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्कार झाला. तिथे जमलेल्या अथांग जनसमुदायापुढे अत्रे बोलले. नंतर ‘मराठा’त त्यांनी बाबासाहेबांवर लेखामागून लेख लिहिले. त्या काळातल्या अनेक प्रतिष्ठित पत्रांना आंबेडकरांच्या मृत्यूचे मोल कळायला वर्षे जावी लागली. ‘मराठा’ने ते त्याच आठवड्यात सांगितले. पहिल्याच महिन्यात या पेपरने कुणाची बाजू घेतली आहे ते ठरून गेले, आणि गिरणगावापलीकडच्या वस्त्यांतही तो आपला मानला गेला.

१९५७च्या निवडणुकीत ‘मराठा’ समितीचे मुखपत्र होता. पश्चिम महाराष्ट्रात आणि मुंबईत काँग्रेसची धूळधाण उडाली. डांगे मुंबईतून, ना. ग. गोरे पुण्यातून लोकसभेत गेले. अत्रे स्वतः मुंबईतून विधानसभेवर निवडून आले. खुद्द मुख्यमंत्री चव्हाण कराडमधून अगदी थोड्या मतांनी वाचले. गुजरात, विदर्भ आणि मराठवाड्याच्या जोरावर काँग्रेसचे सरकार टिकले खरे. पण ज्या भागात मुंबईचा प्रश्न होता त्या भागाने उत्तर दिले होते. हा विजय एकट्या ‘मराठा’चा होता असे कुणी म्हणणार नाही. समितीची गावोगावची माणसे, शाहिरांचे जलसे, १०५ घरांतले दुःख, हे सगळे त्यात होते. तरीही, रोज सकाळी हे सगळे एका कागदावर एकत्र येत होते आणि तो कागद अत्र्यांचा होता.

त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला पंडित नेहरू प्रतापगडावर शिवरायांच्या पुतळ्याच्या अनावरणाला येणार होते. द्वैभाषिक लादणारा पंतप्रधान शिवाजीमहाराजांच्या पुतळ्याचे अनावरण करणार, ही गोष्ट समितीला सहन होण्यासारखी नव्हती. वाई आणि पसरणी घाटात काळी निशाणे घेऊन हजारो माणसे उभी राहिली. अनेक आठवडे आधीपासून ‘मराठा’ लोकांना या दिवसासाठी तयार करत होता. कुठे जमायचे, कसे जायचे, हात उचलायचा नाही हेही सांगत होता. एस. एम. जोशींसारखी माणसे बरोबर होती म्हणून त्या घाटात शिस्त राहिली. नेहरूंच्या मोटारीच्या दोन्ही बाजूंनी निषेध उभा होता आणि कुणावरही दगड पडला नाही. माझ्या मते द्वैभाषिक राज्याचे दिवस त्या घाटात मोजले गेले. दिल्लीला पहिल्यांदा कळले की, हा राग केवळ मुंबईच्या रस्त्यांवरचा नाही, तो सह्याद्रीच्या खेड्यापाड्यांतलाही आहे.

आता दुसरी बाजू सांगितली पाहिजे. ‘मराठा’ची भाषा अनेकदा सुटत असे. मोरारजी, स. का. पाटील, चव्हाण यांच्यावर अत्र्यांनी जे लिहिले त्यातले काही आज वाचवत नाही. डिसेंबर १९५५मध्ये चव्हाणांनी फलटणला नेहरू आणि संयुक्त महाराष्ट्र यांत निवड करायची तर आपण नेहरूंची बाजू घेऊ, असे सांगितले होते. त्या एका वाक्याचा अत्र्यांनी पाठलाग सोडला नाही, आणि तो त्यांचा हक्क होता. धोरणावरचा प्रहार कितीही कठोर असो, तो राजकारणाला साजतो. पण माणसाच्या शरीरावर, घरावर, खासगी आयुष्यावर केलेली टीका हे दैनिकाचे काम नाही, आणि अत्र्यांनी ते अनेकदा केले. त्यांच्या चाहत्यांनी त्याला विनोद म्हणून टाळ्या दिल्या. त्या टाळ्यांनी मराठी राजकीय लेखणीला जी सवय लावली तिची किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली.

मत बदलण्याचाही आरोप त्यांच्यावर कायम होत राहिला. सावरकरांना ‘स्वातंत्र्यवीर’ हे बिरुद अत्र्यांनीच दिले असे सांगितले जाते. पुढे ‘नवयुग’ हिंदुसभेवर तुटून पडे. आणि १९६६ला सावरकर गेले तेव्हा अत्र्यांनी भरभरून लिहिले. ज्या नेहरूंना काळी निशाणे दाखवली, ते १९६४मध्ये वारल्यावर त्यांच्यावर अत्र्यांनी अग्रलेखांची मालिका लिहिली, ती ‘सूर्यास्त’ नावाने पुस्तकरूपात आली आणि आजही ती मराठीतल्या उत्तम मृत्युलेखांत मोजली जाते. हा दुटप्पीपणा होता का? मला तसे वाटत नाही. अत्र्यांचे भांडण कधीही माणूस संपवण्याचे नव्हते, मुद्दा जिंकण्याचे होते. मुद्दा निकाली निघाला, की समोरच्याचे मोठेपण त्यांना पुन्हा दिसू लागे. आणि ते दिसले की, ते लिहिण्यातही त्यांनी कुचराई केली नाही. राग आणि गौरव दोन्ही त्यांच्याकडे एकाच मापाने, म्हणजे कसलेही माप न ठेवता मिळत. राजकीय भाष्यकार म्हणून हा दोष आहे, हे मान्य करावे लागेल. सकाळी वाचलेला शब्द वर्षभराने तसाच राहील याची खात्री त्यांच्या वाचकाला नसे.

डिसेंबर १९५९पर्यंत दिल्लीने द्वैभाषिक मोडण्याचे ठरवले. नव्या राज्याचे नाव मुंबई असावे की महाराष्ट्र, यावर कुरबुर सुरू झाली. अत्र्यांनी सभागृहात आणि ‘मराठा’त आकाशपाताळ एक केले. ज्यासाठी माणसे मेली ते नाव राज्याला नाही, तर राज्य कशाला, असा त्यांचा सवाल होता. १ मे १९६० रोजी राज्य जन्मले ते महाराष्ट्र या नावाने. मंगलकलश चव्हाणांनी आणला हे आपण शाळेत शिकतो. नावासाठी कोण झगडले तेही शिकवायला हवे.

राज्य मिळाले आणि ‘मराठा’पुढे वेगळाच प्रश्न उभा राहिला. चळवळीसाठी काढलेला पेपर चळवळ जिंकल्यावर काय छापणार? समितीतले पक्ष वेगळे होऊ लागले, प्रजासमाजवादी बाहेर पडले. बेळगाव-कारवारचा प्रश्न होता, तो अत्र्यांनी शेवटपर्यंत लावून धरला. पण त्याने गिरणगाव पूर्वीसारखे पेटत नव्हते. १९६२ला ‘नवयुग’ संपले. त्याच वर्षी अत्र्यांनी ‘तो मी नव्हेच’ लिहिले. ८ ऑक्टोबरला त्याचा पहिला प्रयोग दिल्लीत झाला. फिरत्या रंगमंचावर प्रभाकर पणशीकरांनी लखोबा लोखंडे असा उभा केला की, पुढची कित्येक दशके नाटक थांबले नाही. चौसष्टाव्या वर्षी, दैनिक चालवत, आमदारकी सांभाळत आणि रोज अग्रलेख लिहीत असताना त्यांनी हे नाटक लिहिले.

‘मराठा’ मात्र हळूहळू बदलत गेला. अत्रे डाव्यांच्या जवळ गेले आणि मुंबईचा तरुण मराठी वाचक दुसरीकडे निघाला. १३ ऑगस्ट १९६०, म्हणजे अत्र्यांच्या वाढदिवशीच, बाळ ठाकरे यांच्या ‘मार्मिक’चे प्रकाशन झाले, तेही यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते. संयुक्त महाराष्ट्राच्या काळात प्रबोधनकार आणि अत्रे एका व्यासपीठावर होते. आता प्रबोधनकारांच्या मुलाच्या साप्ताहिकात अत्र्यांची व्यंगचित्रे येऊ लागली. दोन्हीकडून शब्द सुटले. १९६६ला शिवसेना निघाली. पुढच्या वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत अत्र्यांनी कृष्ण मेनन यांची बाजू घेतली आणि स्वतःही उभे राहून पराभूत झाले. दहा वर्षांपूर्वी ज्या चाळींत ‘मराठा’ मोठ्याने वाचला जाई, त्याच चाळींतली पोरे आता वेगळा अंक वाचत होती. ज्या अस्मितेला अत्र्यांनी आवाज दिला, तिला डांग्यांचा लाल झेंडा खांद्यावर घ्यायचा नव्हता. नोकऱ्या, जागा, परप्रांतीय यांवर कुणीतरी बोलावे असे तिला वाटत होते, आणि अत्र्यांकडे त्याचे उत्तर नव्हते.

वरळीला ‘शिवशक्ती’ नावाची इमारत उभी राहिली. तिथून ‘मराठा’ निघे, सायंकाळी ‘सांज मराठा’ निघे. अत्रे मालक, अत्रे संपादक, अत्रे अग्रलेखकार. पेपरमध्ये गुणी माणसे होती, पण वाचक पैसे देई ते अत्र्यांसाठी. या एका गोष्टीत त्यांचे यश आणि अपयश दोन्ही आहे. टिळकांनी ‘केसरी’ असा बांधला की, ते मंडालेला असताना न. चिं. केळकरांनी तो चालवला आणि ते गेल्यावरही चालला. अत्र्यांनी ‘मराठा’ असा बांधला की, तो त्यांच्यापासून वेगळा काढताच येत नव्हता. दुसऱ्या फळीला त्यांनी पाने दिली, पण अग्रलेखाची जागा कधी दिली नाही. धंद्याच्या दृष्टीने ही फार मोठी चूक होती. इतके वाचकप्रेम मिळालेल्या मराठी मालकाने मागे एक संस्था ठेवायला हवी होती, ती त्यांनी ठेवली नाही, असे मला स्पष्ट वाटते.

१३ जून १९६९ रोजी मुंबईत अत्र्यांचे निधन झाले. प्रेतयात्रेला मुंबई लोटली. कन्या शिरीष पै यांनी ‘मराठा’ पुढे नेण्याची शर्थ केली. त्या स्वतः समर्थ लेखिका होत्या, वडिलांच्या हाताखाली पेपरात वाढल्या होत्या. काही वर्षे त्यांनी तो निकराने चालवला, पण चळवळ संपलेली होती, आणि ज्यासाठी वाचक सकाळी अंक उघडत असे तो अग्रलेखही उरला नव्हता. सत्तरच्या दशकात ‘मराठा’ बंद पडला.

आज अत्र्यांची नाटके होतात, त्यांच्या मृत्युलेखांची पुस्तके मिळतात. पण १९५६ ते १९६० या चार वर्षांतला ‘मराठा’ रोजच्या रोज, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचल्याशिवाय महाराष्ट्र राज्य कसे झाले, हे कळणार नाही. त्यातल्या बातम्या, गावोगावच्या सभांची वृत्ते, वाचकांची पत्रे, हुतात्म्यांच्या घरांची वर्णने आणि ज्यांची आपल्याला लाज वाटावी अशी वाक्येही, सगळे त्या फायलींत आहे. तो कागद दर वर्षी आणखी ठिसूळ होतो आहे. ज्या ग्रंथालयाकडे त्याचे अंक असतील त्यांनी ते जतन करावेत, त्यांच्या प्रती काढून अभ्यासकांना उपलब्ध करून द्याव्यात आणि सरकारने त्यासाठी लागेल तो खर्च करावा. ज्या राज्याच्या नावासाठी तो पेपर लढला, त्या राज्याकडून एवढी अपेक्षा करण्याचा मराठी वाचकाला हक्क आहे.